घरच्या संगणकावरून व्हर्च्युअल डेस्कटॉप वापरताना : अडचण अलीकडची, वाटेतली की पलीकडची?

संस्थेने स्वतंत्र लॅपटॉप न देता व्हर्च्युअल डेस्कटॉप दिला आहे आणि तो स्वतःच्या संगणकावर क्लायंट सॉफ्टवेअर टाकून वापरायचा आहे, अशी तुमची स्थिती आहे. टाइप केलेली अक्षरे उशिरा उमटतात, ऑनलाइन बैठकीत आवाज तुटतो, आदल्या दिवशी ठेवलेली फाईल दुसऱ्या दिवशी सापडत नाही, आणि या सॉफ्टवेअरमुळे आपल्या संगणकातले खासगी काही संस्थेला दिसते का, असे चार प्रश्न तुम्ही एकत्र विचारले आहेत. चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : काम तुमच्या संगणकावर होतच नसते. ते दूरच्या सर्व्हरवर होते. तुमच्याकडे येते ते पडद्याचे चित्र आणि आवाज, आणि तुमच्याकडून जातात ते कळांचे व माउसचे संकेत. त्यामुळे कोणतीही अडचण आली की ती अलीकडची (तुमच्या घरातली) आहे, वाटेतली (इंटरनेटच्या जोडणीतली) आहे की पलीकडची (संस्थेच्या सर्व्हरकडची) आहे, हे आधी ठरवावे. ज्या तक्रारी आठवडेच्या आठवडे रेंगाळतात, त्यांत बहुतेक वेळा हे ठरवण्याआधीच क्लायंट काढून पुन्हा टाकण्याचा उद्योग दोनचारदा करून झालेला असतो.

चित्र येते हे म्हणायला सोपे आहे, पण त्यामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. 1920 बाय 1080 बिंदूंच्या पडद्यावर एकूण 20,73,600 बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी 3 बाइट धरले तर एक पूर्ण चित्र सुमारे 62 लाख बाइटांचे होते, आणि सेकंदाला 30 चित्रे पाठवायची म्हटली तर जवळजवळ दीड गिगाबिट प्रति सेकंद इतका प्रवाह लागेल. एवढे पाठवणे परवडणारे नसल्यामुळे प्रत्येक प्रणाली पडद्याचा फक्त बदललेला भाग पाठवते आणि तोही दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, पाठवते. स्थिर कागदपत्रावर काम करताना जोडणीवर फारसा भार पडत नाही, पण तेच कागदपत्र भराभर सरकवले किंवा पडद्याच्या कोपऱ्यात एखादा व्हिडिओ सुरू असला की भार एकदम वाढतो, याचे कारण हेच. संकेतस्थळांवरच्या हलत्या जाहिरातीसुद्धा या हिशेबात मोडतात.

आता क्लायंटविषयी. कोणता क्लायंट वापरायचा हे तुम्ही ठरवत नाही. संस्थेने पलीकडे कोणती यंत्रणा उभारली आहे त्यावर ते ठरते. सिट्रिक्सची यंत्रणा असेल तर सिट्रिक्स वर्कस्पेस ॲप लागते, जे 2018 पर्यंत सिट्रिक्स रिसीव्हर या नावाने ओळखले जाई. होरायझन असेल तर होरायझन क्लायंट लागतो. हे उत्पादन पूर्वी व्हीएमवेअरचे होते आणि 2024 पासून ओम्निसा या स्वतंत्र कंपनीकडे आहे. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठी आता विंडोज ॲप नावाचा क्लायंट आहे, आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधल्या जुन्या रिमोट डेस्कटॉप ॲपचा आधार 27 मे 2025 रोजी संपला. नावे अशी बदलत असल्यामुळे जुन्या सूचनापत्रकातले नाव शोधयंत्रात टाकून पहिल्या दुव्यावरून सॉफ्टवेअर उतरवण्याचा मोह टाळावा. संस्थेच्या लॉगिन पानावर जो दुवा असेल तोच वापरावा, किंवा थेट उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावर जावे. बहुतेक यंत्रणांमध्ये ब्राउझरमधूनही डेस्कटॉप उघडता येतो आणि अधूनमधून वापरणाऱ्याला तेवढे पुरते. मात्र एकापेक्षा अधिक पडदे, यूएसबी उपकरणे आणि बैठकींचा आवाज यांबाबत ब्राउझरची बाजू नेहमीच लंगडी पडते. रोजचे आठ तास काम असेल तर क्लायंटच टाकावा.

अक्षरे उशिरा उमटण्याच्या तक्रारीकडे सविस्तर पाहिले पाहिजे, कारण इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. लोक वेगचाचणी करतात, 100 एमबीपीएस दिसते आणि मग दोष सर्व्हरचा असल्याचे ठरवून मोकळे होतात. परंतु टाइप करताना महत्त्वाचा असतो तो फेरीचा वेळ : तुम्ही कळ दाबल्यापासून तो संकेत पलीकडे जाऊन त्याचे चित्र परत येईपर्यंत लागणारा वेळ. माझ्या अनुभवात हा वेळ 50 मिलिसेकंदांच्या आत असेल तर आपण दूरच्या यंत्रावर आहोत हे विसरायला होते; 100 पर्यंत काम सुरळीत चालते; 150 च्या पुढे भराभर टाइप करणारा माणूस कुरकुरू लागतो, आणि 200 च्या वर मेनू उघडण्यासाठीही थांबल्यासारखे वाटते. यातला काही भाग कोणालाच कमी करता येत नाही. प्रकाशीय तंतूतून संकेत सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे 1,000 किलोमीटर अंतरामागे येण्याजाण्याचे किमान 10 मिलिसेकंद ठरलेलेच. डेस्कटॉप 10,000 किलोमीटरवरच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर 100 मिलिसेकंद आधीच खर्ची पडले, आणि क्लायंटमधली कोणतीही सेटिंग ते परत मिळवून देणार नाही. तिथे उपाय एकच, तो म्हणजे संस्थेने डेस्कटॉप जवळच्या केंद्रात हलवणे.

परंतु अंतर कमी असूनही अडखळत असेल, तर घरातल्या घरात एक चाचणी करावी. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्यावी आणि डिफॉल्ट गेटवे या ओळीपुढचा पत्ता टिपून घ्यावा. तो तुमच्या राउटरचा पत्ता असतो. मग त्या पत्त्याला पिंग (ping) लावावे, म्हणजे संकेत तिथे जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा द्यावी, अखंड चालण्यासाठी शेवटी वजा चिन्ह आणि टी हे अक्षर (-t) जोडावे, आणि नेहमीचे काम करत काही मिनिटे त्या आकड्यांकडे लक्ष ठेवावे. तारेने जोडलेल्या संगणकावर हा आकडा बहुधा 1 मिलिसेकंदाच्या आसपास स्थिर राहतो. वाय-फायवर तो 2, 3, 5 असा हलत राहिला तरी चालते. मात्र मध्येच 180, 240 असे आकडे किंवा रिक्वेस्ट टाइम्ड आउट अशी ओळ दिसू लागली, तर अडचण अलीकडचीच आहे, कारण संकेत अजून घराबाहेरही पडलेला नाही. अशा वेळी नेटवर्क केबल लावणे हा सर्वोत्तम उपाय आहे. ते शक्य नसेल तर राउटरच्या 2.4 गिगाहर्ट्झऐवजी 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जावे, कारण पहिल्या पट्ट्यावर शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ उपकरणे आणि मायक्रोवेव्ह ओव्हन या सर्वांची गर्दी असते. दुसऱ्या पट्ट्याची पोहोच कमी असते आणि भिंतींमुळे ती आणखी घटते, म्हणून राउटर त्याच खोलीत असल्यास बरे.

राउटरपर्यंतचा आकडा स्थिर आहे आणि तरीही दिवसातून ठरावीक वेळी सगळे जड होते, असे असेल तर घरातून बाहेर काय चालले आहे ते पाहावे. फोनमधले फोटो क्लाउडवर चढू लागले किंवा दुसऱ्या संगणकाचा बॅकअप सुरू झाला की बाहेर जाणारी वाट भरते, राउटरमध्ये पाकिटांची, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांची, रांग लागते आणि तुमची एकेक कळ त्या रांगेत उभी राहते. वेगचाचणीत हे बहुधा दिसत नाही, कारण ती चाचणी तुम्ही बहुतेकदा ही गर्दी ओसरल्यावर करता.

वाटेतली आणखी एक बाब म्हणजे वाहतुकीची पद्धत. टीसीपी पद्धतीत एखादे पाकीट हरवले तर ते पुन्हा येईपर्यंत मागची सर्व पाकिटे थांबून राहतात. पडद्याच्या चित्राच्या बाबतीत हा शिस्तशीरपणा उपयोगाचा नसतो, कारण अर्ध्या सेकंदापूर्वीचे चित्र आता कोणाला हवे आहे? म्हणून आजच्या प्रमुख यंत्रणा शक्य तिथे हरवलेल्या पाकिटासाठी न थांबणारी यूडीपी पद्धत वापरतात आणि ते अडवले गेले तर मुकाट्याने टीसीपीवर उतरतात. तुम्हाला त्याची सूचना मिळत नाही, फक्त काम मंदावते. मायक्रोसॉफ्टच्या क्लायंटमध्ये पडद्याच्या वरच्या पट्टीवरील सिग्नलच्या चिन्हावर टिचकी मारली की जोडणीचा दर्जा आणि यूडीपी चालू आहे की नाही हे कळते. ते एकदा पाहून ठेवावे. तुम्ही स्वतःहून घेतलेली खासगी व्हीपीएन सेवा (तुमची वाहतूक कूटबद्ध करून दुसऱ्या सर्व्हरवरून वळवणारी) चालू असेल तर ती या कामापुरती बंद करावी. संस्थेचा गेटवे, म्हणजे तिच्या यंत्रणेचे प्रवेशद्वार, जोडणी आधीच कूटबद्ध करतो. वरून दुसरा वळसा घातल्याने सुरक्षितता वाढत नाही, फेरीचा वेळ मात्र वाढतो आणि यूडीपी अडण्याची शक्यताही वाढते.

पडद्याच्या सेटिंगबाबत थोडक्यात सांगतो. 4के पडद्यावर बिंदूंची संख्या 1080 च्या पडद्यापेक्षा चौपट असते, तेव्हा दोन 4के पडदे जोडून मग वेगाची तक्रार करण्याआधी एकदा रिझोल्यूशन उतरवून पाहावे. अक्षरे धूसर दिसत असतील तर बहुधा स्थानिक संगणकाचे स्केलिंग (अक्षरे-चित्रे किती मोठी दाखवायची ते प्रमाण) आणि दूरच्या सेशनचे, म्हणजे सर्व्हरवर चालू असलेल्या तुमच्या डेस्कटॉपचे, स्केलिंग जुळलेले नसते. क्लायंटमधला डीपीआयचा, म्हणजे याच स्केलिंगचा, पर्याय बदलून सेशनमधून लॉग ऑफ होऊन पुन्हा यावे लागते, नुसते खिडकी बंद करून उघडल्याने काही वेळा फरक पडत नाही. आणि फक्त रंगीत पार्श्वभूमीवरची रंगीत अक्षरे, उदाहरणार्थ निळ्यावर लाल, कडांना विरघळल्यासारखी दिसत असतील तर तो तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. व्हिडिओ दाबण्याच्या नेहमीच्या पद्धतीत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने पाठवली जाते. तो बारकावा पूर्ण पाठवण्याची सोय बहुतेक यंत्रणांमध्ये असते, पण ती पलीकडून चालू करावी लागते आणि तिचा भारही जास्त असतो.

बैठकीत आवाज तुटण्याचे कारण वेगळे आहे. साध्या मांडणीत तुमचा आवाज आणि कॅमेऱ्याचे चित्र आधी सर्व्हरवरच्या डेस्कटॉपवर जाते, तिथून बैठकीच्या सेवेकडे जाते आणि इतरांचा आवाज त्याच आडवळणाने परत येतो. हे टाळण्यासाठी मीडिया ऑप्टिमायझेशनची सोय असते : बैठकीची खिडकी सेशनच्या आत दिसते, पण आवाज आणि चित्र तुमच्या संगणकावरून थेट बैठकीच्या सेवेकडे जाते. त्यासाठी तुमच्या क्लायंटची आवृत्ती आणि त्यातले प्लगइन पलीकडच्या आवृत्तीशी जुळावे लागते, आणि घरच्या संगणकावर क्लायंट अद्ययावत करायला कोणी येत नसल्यामुळे नेमके तेच राहून जाते. मायक्रोसॉफ्ट टीम्स वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमधल्या अबाउट या भागात ऑप्टिमाइझ्ड हा शब्द दिसतो का ते पाहावे. दिसत नसेल तर प्रथम क्लायंट अद्ययावत करून, सेशनमधून लॉग ऑफ होऊन, पुन्हा पाहावे. ऑप्टिमायझेशन चालू असताना व्हिडिओचा भार तुमच्या प्रोसेसरवर येतो, हेही लक्षात असू द्यावे. कागदपत्रांच्या कामाला जुना संगणकही पुरतो, पण बारा जणांची बैठक सुरू झाली की त्याचा पंखा जोरात फिरू लागतो, तो यामुळे.

फाईल नाहीशी होण्याचा प्रश्न आता घेऊ. अनेक संस्थांमध्ये डेस्कटॉप सामाईक साठ्यातून दिलेले असतात : लॉग ऑफ केले की ते यंत्र मूळ स्थितीत नेले जाते आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला दुसरेच यंत्र मिळते. तुमची वैयक्तिक मांडणी टिकते ती प्रोफाईल (तुमच्या फाइली आणि सेटिंग यांचा संच) वेगळ्या जागी साठवून ती दर वेळी जोडल्यामुळे. म्हणजे प्रोफाईलमध्ये मोडणारे फोल्डर, सहसा डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप, टिकतात. परंतु सी ड्राइव्हवर तुम्ही स्वतः काढलेले फोल्डर किंवा टेम्प या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवलेली फाईल टिकेलच असे नाही. तुमच्याकडे नेमके काय टिकते हे आयटी विभागाला एकदाच विचारून घ्यावे आणि तोवर सर्व काम नेटवर्क ड्राइव्हवर किंवा संस्थेच्या क्लाउडवर ठेवावे.

याच्याशी जोडलेला भेद म्हणजे डिस्कनेक्ट आणि लॉग ऑफ यांतला. क्लायंटची खिडकी बंद केली, लॅपटॉप झोपला किंवा इंटरनेट गेले, तर सेशन फक्त डिस्कनेक्ट होते. उघडे कार्यक्रम पलीकडे चालूच राहतात आणि पुन्हा जोडल्यावर जिथे होते तिथेच सापडतात. दुपारी वीज गेली म्हणून अर्धा लिहिलेला अहवाल गेला, असे सहसा होत नाही, ते यामुळेच. पण डिस्कनेक्ट अवस्थेत सेशन किती काळ ठेवायचे याची मर्यादा प्रशासकाने घातलेली असते, आणि ती ओलांडली की लॉग ऑफ आपोआप होते. न जतन केलेले काम तेव्हा जाते. शुक्रवारी संध्याकाळी नुसती खिडकी बंद करून सोमवारी येणाऱ्यांच्या तक्रारी या प्रकारातल्या असतात.

स्थानिक ड्राइव्ह सेशनमध्ये दिसण्याची सोय चालू असेल तर फाइलींची देवाणघेवाण करता येते. मात्र तुमच्या संगणकावरची मोठी एक्सेल फाईल तिथूनच सेशनमध्ये उघडून तिच्यावर काम करू नये. ती आधी पलीकडे कॉपी करावी, कारण नाहीतर प्रत्येक वाचन-लेखन तुमच्या घरच्या जोडणीवरून ये-जा करते. ही सोय, तसेच कॉपी-पेस्ट, प्रिंटर आणि यूएसबी, हे सारे धोरणाने बंद केलेले असू शकते. क्लायंटच्या सेटिंगमध्ये खूण केलेली असूनही ते चालत नसेल तर ती पलीकडची बंदी समजावी आणि आडमार्ग शोधू नयेत.

कीबोर्डचे दोन बारकावे सांगण्याजोगे आहेत. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबल्या तर ती आज्ञा सहसा तुमच्याच संगणकाला लागू होते. मायक्रोसॉफ्टच्या क्लायंटमध्ये पलीकडच्या यंत्राला तीच आज्ञा देण्यासाठी डिलीटऐवजी एंड दाबतात. आणि देवनागरी टाइप करताना साधारणतः पलीकडे अक्षर जात नाही, कोणती कळ दाबली तेवढे जाते. म्हणून इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कळफलक सेशनच्या आत बसवलेला असावा लागतो. स्वतःच्या संगणकाचा कळफलक इंग्रजीवर ठेवून भाषा फक्त सेशनमध्ये बदलण्याची सवय लावली की बराच गोंधळ वाचतो.

खासगीपणाविषयीचे उत्तर काळजीपूर्वक द्यावे लागेल. सेशनच्या आत तुम्ही जे करता ते संस्थेच्या यंत्रावर घडते, आणि ते पाहण्याची, नोंदवण्याची, अगदी चित्रित करण्याचीही सोय तिच्याकडे असू शकते. तिथे बँकेचे व्यवहार किंवा वैयक्तिक पत्रव्यवहार करू नये. उलट बाजूने, निव्वळ क्लायंट टाकल्याने तुमच्या संगणकातले फोटो किंवा ब्राउझरचा इतिहास संस्थेला दिसू लागत नाही. काही संस्था लॉगिनच्या वेळी अँटीव्हायरस आहे का, ऑपरेटिंग सिस्टिम आधारात आहे का, एवढी तपासणी करतात; विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यापासून जुन्या संगणकांना अशा तपासणीत अडचण येऊ शकते. ड्राइव्ह सेशनमध्ये जोडला असेल तर मात्र सेशन चालू असेपर्यंत त्यातल्या फाइली पलीकडून वाचता येतात, म्हणून अख्खा सी ड्राइव्ह न जोडता केवळ देवाणघेवाणीचे एक फोल्डर जोडता येते का ते पाहावे. क्लिपबोर्डचेही तसेच : तो सामाईक असेल तर तुम्ही स्वतःच्या संगणकावर कॉपी केलेला पासवर्ड सेशनमधल्या कार्यक्रमांना उपलब्ध होतो.

खरी सावधगिरी आणखी एका ठिकाणी हवी. विंडोजवर संस्थेच्या खात्याने प्रथम लॉगिन करताना एक खिडकी येते, तीत अलाऊ माय ऑर्गनायझेशन टू मॅनेज माय डिव्हाइस या वाक्यापुढे खूण केलेली असू शकते, आणि घाईत ओके दाबले जाते. क्लायंट हा एक कार्यक्रम झाला. ही परवानगी म्हणजे संगणकाच्या व्यवस्थापनाचा अधिकार, ज्यातून संस्था त्यावर धोरणे लागू करू शकते. संस्थेने लेखी मागणी केली नसेल तर ती खूण काढावी किंवा खालचा फक्त याच ॲपमध्ये साइन इन करण्याचा पर्याय निवडावा. मी तर याही पुढे जाऊन सुचवीन की विंडोजवर कामासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले वेगळे वापरकर्ता खाते काढावे.

धोका संस्थेलाही तुमच्या संगणकाकडून असतो. कळा टिपणारे दुष्ट सॉफ्टवेअर तुमच्याकडे असेल तर सर्व्हर कितीही सुरक्षित असला तरी पासवर्ड तुमच्या कीबोर्डवरच चोरीला जातो. तसेच आरडीपी (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल) या प्रकारची, दूरच्या यंत्राशी जोडणी करून देणारी फाईल निव्वळ मजकुराची असली तरी तिच्यात कुठे जोडायचे आणि कोणकोणते स्थानिक ड्राइव्ह पलीकडे उघडे करायचे, हे लिहिलेले असते. मिडनाइट ब्लिझार्ड या नावाने ओळखला जाणारा सायबर हल्लेखोरांचा गट अशा स्वाक्षरी केलेल्या फाइली ईमेलने पाठवून लोकांना आपल्या सर्व्हरशी जोडून घेत असल्याचे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केले होते. ईमेलमधून आलेली अशी फाईल उघडू नये, आणि जोडताना सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राविषयी इशारा आला तर पुढे जाऊ नये. आधी संगणकाचे घड्याळ आणि तारीख तपासावी, कारण ती चुकलेली असली तरी हाच इशारा येतो. घड्याळ बरोबर असेल तर आयटी विभागाला फोन करावा.

तो फोन करताना डेस्कटॉप स्लो आहे एवढेच सांगू नये. किती वाजता झाले, राउटरचा पिंग तेव्हा किती होता, क्लायंटची आवृत्ती कोणती, यूडीपी चालू होते का, आणि सेशनच्या बाहेर त्याच वेळी इंटरनेट ठीक होते का, एवढ्या पाच गोष्टी सांगितल्या तर पलीकडच्या माणसाला सर्व्हरच्या नोंदींत नेमके कुठे पाहायचे ते कळते. पलीकडची अडचण बहुधा एकट्याला येत नाही, तेव्हा एखाद्या सहकाऱ्याला विचारून घेतले तर उत्तमच.

नोकरी किंवा प्रकल्प संपल्यावर नुसता क्लायंट काढून टाकणे पुरेसे नसते. विंडोजच्या सेटिंगमधील ॲक्सेस वर्क ऑर स्कूल या भागातून संस्थेचे खाते वेगळे काढावे लागते, आणि डाउनलोड्स फोल्डरमध्ये साचलेल्या कामाच्या फाइली व आयसीए (सिट्रिक्सच्या) किंवा आरडीपी प्रकारच्या जोडणीच्या फाइली हाताने पुसाव्या लागतात.